दर तासाला

नेव्झात आधी म्हणाला, धूळ गेली असेल.
निझिपहून पिस्त्यांची पोती घेऊन अँतेपला येतो तो,
रस्ता कोरडा, ट्रकची काच खाली,
म्हणजे धूळच.
आईनं थंड चहात बुडवलेल्या घड्या ठेवल्या.
शेजारच्या म्युझेय्येननं निळा मणी आणला:
नजर लागलीय, म्हणाली, ट्रकला आणि पोराला, एकदमच.
मी दुकानातून डोळे आल्यावरचे थेंब आणले.
तीन दिवस आम्ही तिघी
एका डोळ्याची समजूत काढत राहिलो.

त्याआधी आठवडाभर त्याचं तोंड आलं होतं.
पण तोंडाचं तोंडाशी, डोळ्याचं डोळ्याशी,
असंच धरून चालतो आपण.

चौथ्या रात्री त्यानं ट्रक वाटेतच उभा केला.
समोरून येणाऱ्या दिव्यांना
लोकर फुटली होती म्हणाला,
मेंढ्या कातरताना उडते तशी.

डॉक्टर तुलीननं त्याची हनुवटी पट्टीवर टेकवली,
आणि पडद्यावर मला दाखवलं:
बुबुळाच्या तळाशी एक पांढरी रेघ,
पेल्यात विसरलेल्या ताकाचा साका बसतो ना, तशी.
"मान कलती कर," ती म्हणाली.
रेघही कलली.
माझ्या पोटात काहीतरी तिच्याबरोबर कललं.

मी विचारलं, कुणाची नजर लागली?
ती हसली नाही.
"बाहेरून कुणीच आलेलं नाही.
त्याचं रक्त त्यालाच परका समजतंय."

मग ती बाटली, आणि ती दुसरी बाटली.
पहिली दर तासाला, सूज उतरायला.
दुसरी बाहुली ताणून धरायला,
नाहीतर ती मागच्या भिंगाला चिकटून बसेल,
ओल्या कागदासारखी.
एका कोपऱ्यात चिकटलीच होती.
त्याची बाहुली आठवडाभर
तीन पाकळ्यांची दिसत होती, चौथी अडकलेली.
मी रात्रभर स्वयंपाकघरात पिस्ते निवडायची,
उघडे एका परातीत, मिटलेले दुसऱ्या,
गजर झाला की हात धुवायचे,
त्याची खालची पापणी ओढायची.
डोळ्यात तेल घालून म्हणतात ते
मी थेंब घालून केलं.
आठव्या दिवशी चौथी पाकळी सुटली.
आम्ही दोघांनी आरशात पाहिली,
आईला हाक मारली,
आईला काही कळलं नाही, तरी ती रडली.

मग गोळ्या. गोळ्यांनी तोंड पावासारखं फुगलं.
चुलतभावाच्या लग्नातले फोटो पाहून
त्यानं त्या बंद केल्या, एकट्यानं, न सांगता.
"हळूहळू, पायरी पायरीनं," ती म्हणाली होती.
हा गच्चीवरून उडी मारून उतरला.
अकराव्या दिवशी डावा डोळा.
तो मात्र पूर्ण परत आला नाही.
तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी
त्याला आता मुंग्यांसारख्या दिसतात.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मी विचारलं, हे टाळता येतं?
"पहिलं येणं नाही टाळता येत.
पुढच्याला दारातच गाठता येतं.
तोंडात फोड, उजेड टोचणं, काळे कण, लाली,
काहीही दिसलं तर त्याच दिवशी या.
शुक्रवारची वाट बघू नका.
आणि काही नसेल तेव्हाही सुई चुकवू नका."

काही नसेल तेव्हाही.
हे त्याला पटायला सगळ्यात वेळ लागला.

आता एकाआड एक शुक्रवारी तो
मांडीची चिमूट धरून स्वतःच टोचून घेतो.
रात्रीचा ट्रक सोडला. संध्याकाळी माझ्यासमोर बसतो,
पिस्ते बघत नाही,
एकेक परातीत टाकतो आणि ऐकतो:
मिटलेला वेगळा वाजतो म्हणे.
मी तपासलं. शंभरात चार चुकतात.
माझे सहा.

निळा मणी आईनं काढलेला नाही.
दारावरून उतरवून
फ्रिजच्या मुठीला बांधलाय.
आत, टोमॅटोच्या बरणीमागे,
सुया असतात.